कत दुखरोच?

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतंच, "तांड्यावर सगळ्यांना मराठी येते, काही अडचण नाही." सांगणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि त्याने ज्यांच्याशी बोलून हे ठरवलेलं असतं तेही पुरुषच असतात. मोंढ्यात, बँकेत, तहसीलमध्ये भेटणारा बंजारा माणूस अस्खलित मराठी बोलतो. वर हिंदी बोलतो, आणि ऊसतोडीला कर्नाटकात जाऊन आलेला असेल तर कामापुरती कन्नडही बोलतो. मी आरोग्यसेविका. माझं काम मोंढ्यातल्या माणसाशी कमी आणि चुलीपाशी बसलेल्या बाईशी जास्त. त्यातही पन्नाशी ओलांडलेल्या सासवा आणि दुसऱ्या तांड्यातून नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, शाळा लवकर सुटलेल्या सुना. या दोघींची मराठी 'या बसा', 'बरं हाय' आणि 'उद्या येते' एवढ्यावर संपायची.

मी वसमतकडची, हळदीच्या पट्ट्यातली. माझी मराठीही काही पुण्याची नाही. लेकरू, माय, व्हय, नव्हं अशीच आमची बोली. त्यामुळे बोली बोलणाऱ्याला हसायची सवय नव्हती, पण गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, कानावर कधी पडलेली नव्हती. उपकेंद्रात रुजू झाले तेव्हा त्याच्याखाली काही गावं आणि काही तांडे होते. गावातलं काम पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललं. तांड्यावर मात्र मी रजिस्टर भरत होते आणि रजिस्टरमध्ये सगळ्यांची तब्येत चांगली होती.

चांगली असण्याचं कारण असं. तपासणीला बाई एकटी येत नाही. सोबत सासू असते, नाहीतर नवरा. मी मराठीत विचारायचे, नवरा ते गोरमाटीत सांगायचा, बाई खाली बघत तीन-चार वाक्यं बोलायची, आणि नवरा माझ्याकडे वळून म्हणायचा, "बरी आहे." त्या तीन-चार वाक्यांत काय होतं ते त्याच्याकडेच राहायचं. तो खोटं बोलत होता असं नाही. त्याच्या दृष्टीने कंबर दुखणं, चक्कर येणं, पांढरं जाणं हा काही सिस्टरला सांगायचा विषयच नव्हता. काही गोष्टी बाई नवऱ्यासमोर बोलतच नव्हती, मग त्या माझ्यापर्यंत यायचा प्रश्नच नाही.

लोहाच्या गोळ्यांचं उदाहरण सांगते. गरोदरपणात १८० गोळ्या द्यायच्या, रोज एक. एका बाईचं रक्त महिनोन्‌महिने वाढेना. गोळ्या वेळेवर नेत होती, पाकिटं रिकामी दाखवत होती. मी दरवेळी विचारायचे, "गोळ्या खाते का?" सासू उत्तर द्यायची, "खाते की." पुढे मला थोडी गोरमाटी यायला लागली तेव्हा एका दुपारी सासू शेतात असताना मी त्या बाईला तिच्याच भाषेत दोन मोडके प्रश्न विचारले. तिने हसत हसत सांगितलं की गोळी घेतली की मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून ती गोळ्या दोडक्याच्या वेलाच्या बुडाशी टाकते. वेल मात्र छान वाढला होता, हे तिने स्वतःहून दाखवलं. शौच काळी होणं हा त्या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याला घाबरायचं नसतं. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते आणि चहासोबत घेतली तर ती अंगी लागत नाही. हे सगळं सांगायला पाच मिनिटं पुरतात, पण आधी बाईने तक्रार सांगावी लागते.

मला शिकवलं तांड्यावरच्या आशाताईने. ती त्याच तांड्याची सून, दहावीपर्यंत शिकलेली, दोन्ही भाषांत पक्की. सुरुवातीला तिला माझी हौस वाटली. "सिस्टर, तुम्हाला कशाला पाहिजे? मी हाय ना सोबत." तिचं खरं होतं. पण ती सगळीकडे नसते. तिची स्वतःची सोयाबीन असते, लेकरं असतात, आणि एखाद्या घराशी तिचं बोलणं बंद असलं तर त्या घरात तिचा उपयोग नसतो. तांडा म्हटलं की भाऊबंदकी आलीच.

आम्ही 'नमस्कार'पासून सुरुवात केली नाही. एक फुलस्केप वही घेतली आणि तपासणीच्या क्रमाने शब्द लिहीत गेलो. आधी अंग: माथो म्हणजे डोकं, पग म्हणजे पाय. हात, कान आणि पेट विचारायला लागले नाहीत. मग 'कांई वेगो?', म्हणजे काय झालं. मग 'कत दुखरोच?', कुठे दुखतंय. या दोन प्रश्नांवर माझी निम्मी ओपीडी चालायची, कारण 'कत'ला उत्तर म्हणून बाई 'अत' म्हणते आणि बोटाने जागा दाखवते. तिथून पुढे 'घणो' की 'थोडो' एवढं विचारलं की दुखण्याचा अंदाज येतो. नकाराला 'कोनी'. मोजायला एक, मग दोनसाठी 'दी', त्यानंतर तीन, चार, पांच आपल्यासारखेच. त्यामुळे 'दी गोळी' असं बोटं दाखवत सांगितलं की पुन्हा विचारावं लागत नाही. जेवणाचं विचारायचं तर 'बाटी खादी कांई?' बाटी म्हणजे भाकरी. तांड्यावर हा प्रश्न तब्येतीचाही असतो आणि रामरामाचाही, म्हणून तो कुठल्याही दारात शोभतो. मुलाला छोरा, मुलीला छोरी. वयाने मोठ्या बाईला मी 'याडी' म्हणायला लागले, म्हणजे आई. मावशी म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण 'याडी' म्हटल्यावर खाटेवर जागा व्हायची.

शब्द लिहिणं सोपं, ऐकू येणं अवघड. वहीत 'तार नाम कांई छ?' असं नीट चार शब्दांत लिहिलेलं असतं. तांड्यावर ते एका दमात येतं आणि शेवटचा 'छ' कधी 'च' होतो, कधी नुसती फुंकर. 'दुखरोच' हा खरं तर 'दुखतो आहे' एवढा ऐवज आहे, पण बोलताना सगळं एकात एक मुरलेलं. शिवाय एका तांड्याचं बोलणं दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. मराठी गावाला खेटून असलेल्या तांड्यावर मराठी शब्द भरपूर, आणि तेलंगणातून सून आलेली असली की तिच्या तोंडी निराळेच शब्द. मी आशाताईला विचारायचे, यातलं बरोबर कुठलं? ती म्हणायची, "जिला विचारताय तिला कळलं की बरोबर."

ज्याला गुजराती किंवा मारवाडी थोडी कानावर आहे त्याला गोरमाटी ऐकताना ओळखीचं वाटतं. ते साहजिक आहे, कारण बंजारे राजस्थानकडून आलेले. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून सैन्याला आणि बाजारांना पुरवणारे हे लोक. रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा आला आणि त्यांचा धंदा बसला. तांडे जिथे होते तिथे थांबले. काही दख्खनमध्ये, निजामाच्या मुलखात; आजची हिंगोली त्यातच होती. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली बंजारी किंवा लभाणी या नावाने या भाषेची नोंद झाली, भिल्ली भाषांच्या खंडात. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. आणि २०११च्या जनगणनेत ३२ लाखांवर लोकांनी आपली भाषा लमाणी किंवा लंबाडी सांगितली, तरी कोष्टकात ती हिंदीच्या पोटात टाकलेली आहे. ज्या सासूशी हिंदीत बोललं तर ती माझ्याकडे टकामका बघते, ती कागदोपत्री हिंदी भाषक आहे.

आदिवासी किंवा भटका समाज म्हटला की भाषा वेगळी असणारच, असाही एक ठोकताळा असतो. तोही खरा नाही. कळमनुरी आणि औंढा भागातले आंध आदिवासी मराठीच बोलतात. तिथे काम केलेल्या माझ्या मैत्रिणीला भाषेची अडचण आली नाही, तिच्या अडचणी वेगळ्या होत्या.

आता तारखेचं सांगते, कारण माझं सगळ्यात जास्त डोकं तिथे लागलं. गरोदर बाईची नोंद करताना पहिला प्रश्न शेवटच्या पाळीची तारीख. त्यावरून बाळंतपणाची अपेक्षित तारीख काढतात: नऊ महिने आणि वर सात दिवस. तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं. मूल अपुऱ्या दिवसांचं की पुऱ्या दिवसांचं, दिवस उलटून गेले का, बाईला हिंगोलीला कधी पाठवायचं, हे सगळं त्या एका तारखेवर उभं असतं. आणि हाच प्रश्न नवऱ्याच्या तोंडून विचारायचा! तो लाजतो, ती लाजते, शेवटी सासू ठोकून सांगते, "पाचवा लागला." रजिस्टरमध्ये तारखेचा रकाना असतो, 'पाचवा लागला' लिहायची सोय नसते. मग सगळ्यांच्या पाळ्या एक किंवा पंधरा तारखेला आलेल्या दिसतात. कुठल्याही उपकेंद्राचं जुनं रजिस्टर उघडून बघा.

इंग्रजी तारीख तांड्यावरच्या बाईला सांगता येत नाही, पण याचा अर्थ तिला दिवस आठवत नाहीत असा नाही. तिचं कॅलेंडर निराळं. श्रावणात तीज असते: पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, त्याच्याभोवती गाणी म्हणतात आणि शेवटी वाजतगाजत त्यांचं विसर्जन करतात. मग पोळा, दसरा. मग दवाळी, म्हणजे आपली दिवाळी. अमावस्येच्या रात्री कुमारिका दिवे घेऊन घरोघर जातात. १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती, त्या दिवसाची तारीख मात्र तांड्यावर लेकरालाही पाठ. आणि होळी. होळी म्हणजे लेंगी गाणी, रात्र-रात्र फेर, मुंबई-पुण्याला गेलेले सगळे घरी. या खुणांच्या मध्ये आठवडी बाजार येतो, पौर्णिमा-अमावस्या येते, कुणाचं तरी लग्न येतं.

आशाताई आणि मी बसून वर्षाचा एक तक्ता केला. एका बाजूला कालनिर्णय, दुसऱ्या बाजूला तांड्याचे सण, बाजाराचे दिवस, आणि त्या वर्षी तांड्यावर झालेली लग्नं. मग प्रश्न बदलला. "तारीख काय?" असं न विचारता, "तीजच्या आधी की नंतर?" नंतर म्हटलं की, "टोपल्या बुडवल्या त्याच्या किती दाडो नंतर?" दाडो म्हणजे दिवस. बाई बोटं मोजायची. एकदा एक सून अशी मोजत होती आणि सासू मध्येच म्हणाली की तेव्हा तर सहावा असायला पाहिजे. सुनेने पहिल्यांदाच मान वर करून सांगितलं, कोनी. पोळ्याच्या दिवशी तिला बाजूला बसवलं होतं, नैवेद्याला हात लावू दिला नव्हता. पोळा म्हणजे श्रावणी अमावस्या, कालनिर्णयात बोट ठेवलं की तारीख हजर. सासू गप्प बसली, कारण बाजूला बसवणारी तीच होती. पुढे तालुक्याला सोनोग्राफी झाली तेव्हा हिशेब जवळजवळ जुळला.

या तक्त्याला काही मी शोध म्हणत नाही. सणवारांवरून वय आणि तारखा काढायची पद्धत प्रशिक्षणात सांगतात. फक्त ती सांगताना गणपती, दिवाळी, संक्रांत अशी यादी सांगतात. तांड्यावर तीज आणि लेंगीशिवाय ती यादी अर्धीच.

दसरा-दिवाळी झाली की तांडे रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं आणि गरोदर बायकासुद्धा. परत येणं होळीच्या आसपास किंवा हंगाम संपला की. म्हणून जाण्याआधीचं लसीकरण सत्र मला वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कुठली लस दिली आणि ती कशासाठी, पुढची कधी, ताप आला किंवा सुई टोचलेली जागा सुजली तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं व पुढच्या वेळी आणायचं. शिवाय लस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं. हे मराठीत सांगितलं की सगळ्या माना डोलावतात. गोरमाटीत सांगितलं की प्रश्न येतात. "तिकडच्या सिस्टरने सुई दिली नाही तर?" "कार्ड भिजलं तर?" "ताप आला म्हणून मुकादम सुट्टी देत नाही, मग?" तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पण पहिल्या दोनांना होतं. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवायचं, हा उपाय एका याडीने काढला, कारण पिठाचा डबा कुठेही गेलं तरी कोरडाच ठेवतात. पुढे मी तो सगळ्या तांड्यांवर सांगत गेले.

तोडीहून परत आलेल्या बायकांकडून एक गंमत कळायची. कर्नाटकात कन्नड येत नाही म्हणून यांची पंचाईत होते, पण फडाच्या जवळपास लंबाणी, म्हणजे बंजाऱ्यांचाच, तांडा असला की सगळं सोपं. तिथलं बोलणं कानाला जरा वेगळं लागतं, शब्द काही निराळे असतात, तरी दवाखाना कुठे, पीठगिरणी कुठे, हे विचारून घेता येतं. सेनगावची बाई विजापूरकडच्या बाईशी सरळ बोलते आणि सेनगावच्याच दवाखान्यात तिला दुभाषा लागतो.

सगळ्यांना माझं गोरमाटी बोलणं आवडलं असंही नाही. शिकलेली तरुण पोरं काही वेळा तोडून टाकत: "सिस्टर, आम्हाला मराठी येते, मराठीतच बोला." आधी मला ते रागाचं वाटलं, नंतर त्यामागचं दिसलं. शाळेत त्यांच्या बोलण्याची नक्कल करून चिडवलेलं असतं. बंजारा नसलेल्याला तांड्यावर 'कोर' म्हणतात, आणि कोर माणसाच्या तोंडी गोरमाटी आली की ती थट्टेसाठीच, असा त्यांचा अनुभव. त्यांच्याशी मी मराठीतच बोलते. त्यांच्या आजीशी गोरमाटीत. कोणाशी कुठली भाषा हे त्या माणसाने ठरवावं, सिस्टरने नाही.

मला आजही वाहती गोरमाटी येत नाही. भांडण सुरू झालं, लग्नात बायका एकमेकींची टिंगल करायला लागल्या, की माझं काही चालत नाही. भूतकाळ-भविष्यकाळात मी अजून अडखळते. पण ओपीडीपुरती भाषा ही पूर्ण भाषेपेक्षा फार लहान असते. दुखणं, जागा, दिवस, किती, खाल्लं का, झोप आली का, रक्त गेलं का, एवढीच तिची व्याप्ती. ती येत असली की बाई नवऱ्याला 'बाहेर थांब' म्हणायला तयार होते. तपासणीच्या खोलीतून दुभाषा बाहेर गेला, हा माझ्या लेखी या सगळ्या शिकण्याचा खरा फायदा.

ही वही मी आजवर कुणा साहेबाला दाखवलेली नाही, कारण ती कुठल्या रकान्यात बसत नाही. अहवालात लसी मोजतात, गोळ्या मोजतात, बाळंतपणं मोजतात. राज्यघटनेच्या ३५० अ या कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं म्हटलं आहे; शाळेत ते कितपत होतं हा भाग सोडा, निदान कलम तरी आहे. दवाखान्यासाठी तेवढंही नाही. भिंतीवरची सगळी पोस्टरं प्रमाण मराठीत, आणि त्यातही 'स्तनदा माता', 'पूरक आहार' अशी की माझ्या वसमतच्या आईलाही कळू नयेत.

हे बदलायला मोठा खर्च लागत नाही. तालुक्यातल्या चार-पाच तांड्यांवरच्या आशाताईंना एक दिवस एकत्र बसवा, त्या दिवसाचा भत्ता द्या, आणि त्यांच्याकडून तपासणीचे प्रश्न गोरमाटीत लिहून घ्या. दोन पानं होतील. ती छापून प्रत्येक उपकेंद्रात लावा आणि सणांचा तक्ता दरवर्षी नवीन करा. नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांनाही एवढंच सांगते: वरून कागद येईल याची वाट बघू नका. तुमच्या आशाताईला चहा पाजा, वही काढा आणि पहिल्या ओळीवर 'कत दुखरोच?' लिहून घ्या.